गुळवेल, यकृत आणि सोसायटीच्या ग्रुपवरचं रसायनशास्त्र

कोथरूडकर_जुना: आज सोसायटीच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड: 'गुळवेलीतलं बर्बेरिन यकृत धुऊन काढतं, रोज उपाशीपोटी ग्लासभर काढा घ्या.' खाली हात जोडलेल्यांची रांग. अहो, बर्बेरिन म्हणजे एक कडू वनस्पतीजन्य रसायन. गुळवेलीत ते आहे, पण जेमतेम. भरपूर हवं तर दारुहळदीचं मूळ उकळा. तेही आतड्यातून रक्तात फारच थोडं पोचतं. गुळवेलीतल्या अरेबिनोगॅलॅक्टनसारख्या लांबलचक शर्करा प्रतिकारशक्तीला डिवचतात, प्रयोगशाळेत तरी. पण ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या यकृतावर उठलीय, त्याने ती आणखी कशाला डिवचायची? २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले ६ रुग्ण मांडले, २०२२ मध्ये देशातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांतले ४३. सगळे गुळवेल घेणारे.

पेठेतली_वैद्य: आयुष मंत्रालयाने तेव्हाच सांगितलं होतं की त्या रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. तिच्या खोडावर ठसठशीत गाठी असतात. आणि ग्लासभर काढा, तोही बारा महिने? आमच्यात मात्रा, काळ, प्रकृती बघतात. फॉरवर्डचा राग आयुर्वेदावर कशाला काढता?

कोथरूडकर_जुना: वा! बरं वाटलं की गुळवेल, कावीळ झाली की क्रिस्पा!

टेकडीवर_रोज: तुम्ही काढा प्या नाहीतर ओता, पण हनुमान टेकडीवरच्या वेलींना हात लावू नका. कोविडपासून लोक पिशव्या घेऊन येतात. परवा एक काका चक्क बुंध्याशी कोयता चालवत होते. उन्हाळ्यात तिची लाल फळं बुलबुल खातात, त्यांनी काय खायचं?

निंबावरचीच: बुंध्याशी कापली म्हणून गुळवेल मरत नाही हो. वरून सुतळीसारखी मुळं सोडून पुन्हा जमीन गाठते, उगाच अमृता म्हणत नाहीत. आम्ही फक्त कडुनिंबावरचीच घेतो, त्याचा गुण उतरतो.

टेकडीवर_रोज: उतरतो कसा? ती बांडगूळ आहे का? मुळं जमिनीत, झाडाचा नुसता आधार. आणि मरत नाही म्हणून कापायची, हा कुठला न्याय?

निंबावरचीच: टेकडी काय तुमच्या नावावर आहे?

टेकडीवर_रोज: तुमच्याही नाही. कुंडीत लावा ना! बोटभर कांडी खोचली तरी फुटते.

सासूबाईंची_सून: भांडा खुशाल. चिकनगुनियानंतर सासूबाईंना मांडी घालता येत नव्हती. वैद्यांनी दिलेल्या गुळवेलीवर गणपतीत मोदक वळायला खाली बसल्या. मला तेवढा पुरावा पुरे.

कोथरूडकर_जुना: चिकनगुनियाचे सांधे बऱ्याच जणांचे महिन्या-दोन महिन्यांत आपोआप सुटतात. माझा मामेभाऊ हाच काढा पीत होता. डोळे हळदीसारखे पिवळे, लघवी चहासारखी. डॉक्टरांनी काय काय घेता विचारलं तर म्हणे, 'औषध काहीच नाही.' काढा त्याच्या हिशेबात औषध नव्हताच!

पेठेतली_वैद्य: हे मात्र खरं. माझ्याकडेही गोळ्या सांगतात, काढे लपवतात. ज्याला ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणारा आजार आहे (आमवात, थायरॉईडचे काही प्रकार), त्याला मीही सरसकट गुळवेल देत नाही. झालं समाधान?

कोथरूडकर_जुना: अर्धं. तेवढं ते 'देत नाही' आमच्या ग्रुपवर येऊन लिहा. मी लिहिलं की ॲडमिन उडवतो.

पेठेतली_वैद्य: तुमचा ॲडमिन माझा थोरला दीर आहे. तुम्हीच लिहा.