अडलेलं गणित सोडून उठावं, की सुटेपर्यंत बसावं?

गणित शिकवणारी, रामबाग (इंदूर):
माझ्याकडे अकरावी-बारावीची मुलं गणिताला येतात. एका मुलाच्या आईचं म्हणणं आहे की गणित अडलं की तो उठतो, गच्चीवर फेऱ्या मारतो आणि मग परत बसतो. ही पळवाट आहे, सुटल्याशिवाय त्याला उठू देऊ नका, असं त्या म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. अडलेला माणूस बहुतेकदा एकाच चुकीच्या वाटेवर पुन्हापुन्हा चालत असतो. तिथेच बसवून ठेवलं तर ती वाट अजून पक्की होते.

मानसशास्त्रज्ञ लुचिन्स यांनी 1942 मध्ये मांडलेला प्रयोग मी फळ्यावर करून दाखवते. तीन भांडी, 21, 127 आणि 3 मापांची. 100 मापं पाणी मोजायचं. 127 मधून 21 एकदा आणि 3 दोनदा काढायचे, झालं. याच रीतीची आणखी काही गणितं सोडवून घेतली की पुढचं द्यायचं: भांडी 23, 49 आणि 3, पाणी हवंय 20. पोरं धडाधड 49 वजा 23 वजा 3 वजा 3 लिहितात. 23 मधून 3 काढले की काम झालं, हे त्यांना दिसत नाही. हुशार मुलांनाही नाही. अशा वेळी उठणं म्हणजे आळस नव्हे.

पिथमपूरवाला (मेंटेनन्स):
ताई, हे कोड्यांना ठीक आहे. आमच्या कारखान्यात लाइन बंद पडली की फॉल्ट एकेक टर्मिनल तपासूनच सापडतो. चक्कर मारल्याने तुटलेली वायर दिसत नाही. आणि बारावीची बरीचशी गणितंही याच जातीची: लांबलचक, चिकाटीची. जेईई मेनला तीन तासांत 75 प्रश्न असतात, तिथे गच्ची कुठून आणणार?

दुसरं म्हणजे, लोक नेहमी फ्रेंच गणितज्ञ प्वांकारेंचा दाखला देतात, की बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि कल्पना सुचली. पण फिरून रिकाम्या हाताने परत आलेल्यांची गोष्ट कोण लिहून ठेवतो? गणितज्ञ वाइल्स यांनी फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची, म्हणजे गणितातल्या एका जुन्या अडलेल्या कोड्याची, जी सिद्धता दिली, तिच्यात 1993 मध्ये खोट निघाली. ती 19 सप्टेंबर 1994 ला दूर झाली, तेव्हा ते टेबलापाशीच बसले होते.

सुदामा नगरची आजी:
पिथमपूरच्या दादा, वाइल्सची गोष्ट पुरी सांगा ना. त्या सकाळी त्यांच्या लक्षात आलं की तीन वर्षांपूर्वी बाजूला टाकलेली रीतच इथे कामाला येते. बसले टेबलापाशी, पण उपयोगी पडली ती सोडून दिलेली गोष्ट!

शिवाय झोपेचं काय? 2004 मध्ये जर्मनीत एक प्रयोग झाला. आकड्यांच्या कामात एक सोपा नियम लपवलेला होता. मध्ये रात्रभर झोपून आलेल्यांपैकी ज्यांना तो सापडला, त्यांचं प्रमाण तितकाच वेळ जागे राहिलेल्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. आमच्या घरी परीक्षेच्या आदल्या रात्री नातवाला जागवतात, ते मला बघवत नाही.

पिथमपूरवाला:
आजी, वाइल्सचं मान्य. पण ते वर्षानुवर्षं त्यातच बुडालेले होते. प्वांकारेंनी स्वतःच म्हटलंय की मनाच्या आत चालणारं काम तेव्हाच फळतं, जेव्हा त्याच्या आधी आणि नंतर जाणीवपूर्वक मेहनत झालेली असते. मुलं यातला 'आधी' गाळतात. पाच मिनिटं पेन फिरवलं की उठले, आणि मग मोबाइल. त्याला विश्रांती म्हणायला मी तयार नाही.

गणित शिकवणारी:
यावर आपलं भांडणच नाही. 2009 मध्ये सिओ आणि ऑर्मेरॉड या संशोधकांनी अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. विश्रांतीचा फायदा दिसला, पण आधीची तयारी जितकी लांब, तितका तो जास्त. ज्या प्रश्नांना अनेक उत्तरं शोधायची असतात, त्यांत तो जास्त ठळक दिसतो. तुमची वायर त्यात येत नाही, हेही कबूल. पण भूमितीत नेमकी कोणती रेषा वाढवायची, हे अडतं ते वायरीसारखं नसतं. ती रेषा एकेक तपासून मिळत नाही, आकृतीच वेगळी दिसावी लागते. आणि पेपरात अडलेला प्रश्न सोडून पुढचा घेणं, मग परत येणं, हीसुद्धा विश्रांतीच, तीन तासांत बसणारी.

त्या आईंना मी एवढंच सांगणार आहे: उठण्याआधी त्याने वहीत लिहायचं, काय काय करून पाहिलं आणि नेमकं कुठे अडलं. मोबाइल खाली ठेवायचा. मग खुशाल गच्चीवर जाऊ दे.

पिथमपूरवाला:
वहीची अट पटली. पण परत कधी यायचं, हे कोण ठरवणार? सोळा वर्षांच्या पोरावर सोडलं तर संध्याकाळ होईल.

गणित शिकवणारी:
तोच ठरवेल. वही मात्र दुसऱ्या दिवशी मी बघणार.