तिसऱ्या पोराला रोख दिले की पोरं वाढतात का ओ?

विडीघरकुलची लेक:
सकाळी ग्रुपवर एका काकांनी टाकलंय की पोरी शिकल्या, नोकरीच्या मागं लागल्या म्हणून पोरं कमी झाली, आता हंगेरीसारखं चार पोरांच्या आईला टॅक्स माफ करा आणि तिसऱ्या पोराला रोख द्या. दोन ओळीत उत्तर देऊन गप बसणार होते, जमेना. हंगेरीनं २०१९ ला जोडप्यांना बिनव्याजी कर्ज काढलं, तिसरं झालं की कर्ज माफ, २०२० पासून चार पोरांच्या आईला इन्कम टॅक्स नाही. जननदर, म्हणजे एका बाईमागं सरासरी पोरं, १.६ पर्यंत चढला आणि २०२४ ला परत १.४ च्या खाली. दक्षिण कोरिया तर कधीपासून पैसा ओततोय, २०२३ ला ०.७२. माझ्या आईनं आयुष्यभर विड्या वळल्या. सूप मांडीवर, धाकटा झोळीत, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला. शाळेचं तोंड बघितलं नव्हतं तरी तिसऱ्यानंतर स्वतः जाऊन ऑपरेशन करून आली, कारण विड्या पुऱ्या झाल्याशिवाय मजुरी नाही आणि पोर बघायला कोण नाही. शिक्षणाला कशाला नावं ठेवताय? द्यायचंच तर पाळणाघर आणि रजा द्या.

बाळीवेस काका:
मीच लिहिलंय ते. शिक्षणाला नावं ठेवली नाहीत बाळ, मी स्वतः मास्तर होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत महाराष्ट्राचा जननदर १.७ वर आलाय, लोकसंख्या टिकायला पाहिजे २.१. मराठी शाळांच्या तुकड्या बंद पडायल्यात. माझा पोरगा-सून पुण्यात, दोघं आयटीत, मूल नको म्हणतात. इथं आम्ही दोघं म्हातारे, पाणी आलं तर भरायला माणूस नाही घरात. चंद्राबाबू नायडूंनी २०२४ ला आंध्रात स्थानिक निवडणुकीची दोन अपत्यांची अट काढली, त्यांना कळलं, आपल्याला कधी कळणार?

जुळे सोलापूरकर:
सर, तुमच्या सुनेला पैसा कमी नाही आणि तुम्ही उपाय पैशाचाच सांगताय. अटीचं मात्र बरोबर बोललात. आपल्याकडं सप्टेंबर २००१ नंतर तिसरं झालं तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही, २००५ च्या नियमानं सरकारी नोकरी नाही. आधी ते काढा, मग बक्षिसाचं बोला. पण ताई, पाळणाघर आणि रजेनं तरी कुठं वाढतायत? स्वीडनमध्ये ४८० दिवस रजा, त्यातले ९० बापासाठी राखीव, तरी २०२४ ला १.४३.

मोहोळचा शेतकरी:
रजा, टॅक्स, स्वीडन. अहो इथं लग्नच होईना! डिसेंबर २०२२ ला पोरं घोड्यावर बसून, बाशिंग बांधून, बँड लावून, पोरी मिळेनात म्हणून सोलापूरच्या कलेक्टर ऑफिसवर गेली, ते सगळ्या देशानं बघितलं, हसले लोक. मला हसू आलं नाही. माझा भाऊ शिकलेला, ऊस हाय, पाण्याची विहीर हाय, व्यसन नाही. पोरीकडचे पहिलं विचारतात पुण्यात फ्लॅट हाय का. शेतकऱ्याला पोरगी द्यायची नाही पण शेतकऱ्याचा माल स्वस्त पाहिजे.

विडीघरकुलची लेक:
दादा, पोरी आणायच्या कुठून? २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ० ते ६ वयाच्या हजार पोरांमागं ९१३ पोरी होत्या, तीच पोरं आज बाशिंग बांधून उभी आहेत. २०११ ला ८९४. पुढच्या पोरांचे हाल आणखी वाईट. पोटात मारल्या त्या कुणी मारल्या?

मोहोळचा शेतकरी:
आमच्या घरात नाही मारल्या. तीन बहिणी हायत मला, तिघींची लग्नं केली, अजून कर्ज फेडायलोय. सगळ्या गावाला एका काठीनं हाणू नका. बाकी गावात झालंय ते, नाही म्हणत नाही.

टॉवेलवाला:
मूळ मुद्द्यावर या. २०१७ पासून कायद्यानं बाळंतपणाची २६ आठवडे पगारी रजा. पगार ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, मर्यादेत असेल तर पैसे तिथून येतात, वर गेला की मालकाच्या खिशातून. म्हणून मालक नवीन लग्न झालेल्या पोरीला कामावर घ्यायला बिचकतो, खरं तेच सांगतोय. स्वीडनमध्ये हा पैसा सामाजिक विम्यातून जातो. आणि इथं आमचं वीजबिल बघा एकदा, लूम चालवायचे की

विडीघरकुलची लेक:
वीजबिल नंतर. मर्यादेच्या वर पगार असलेली बाई कुठल्या टॉवेल कारखान्यात दाखवा. कडा शिवणाऱ्या सगळ्या पीसवर, जेवढे नग तेवढी मजुरी. माझी वहिनी अशाच एका ठिकाणी होती, सातव्या महिन्यात घरी बसवली, मस्टरवर, हजेरीच्या वहीत, नावच नव्हतं, मग रजा कसली आणि २६ आठवडे कसले! जुळेवाले दादा, पाळणाघरानं आकडा २.१ होईल असं मी म्हणलेच नाही. ज्या बाईला दुसरं पाहिजे तिला पोर आणि मजुरी यातलं एक निवडायला लावू नका, एवढंच माझं मागणं.

टॉवेलवाला:
मस्टरवर न घेणारे आहेत, मान्य. सगळे नाहीत. ५० किंवा जास्त कामगार असले की पाळणाघर कायद्यात आहेच, पण आमच्यात बहुतेक शेड १०-१५ माणसांच्या. एमआयडीसीत सगळ्यांचं मिळून एक काढा, माझा वाटा देतो. एकट्याच्या डोक्यावर टाकू नका.

बाळीवेस काका:
पाळणाघराला माझा कधी विरोध नव्हता. पण टॅक्समाफीपण ठेवा, तो मुद्दा मी सोडत नाही.

विडीघरकुलची लेक:
ठेवा की. फक्त विडीघरकुलात, आमच्या विडी कामगारांच्या वसाहतीत, टॅक्स भरण्याएवढी कमाई किती बायांची आहे, ते आधी येऊन बघा, मी फिरवते तुम्हाला.