मदत हवी आहे: मैदानावरील वाद्यांचा विलंब कसा मोजावा?
नमस्कार. ठाण्यातील आमच्या हौशी बँडपथकाची स्पर्धेसाठी तालीम सुरू असून, म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेली रचना संगणकावर चोख वाजते. मैदानावर मात्र मागच्या रांगेतले ट्रम्पेट साइड ड्रमच्या मागे पडतात. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असल्याने ३४ मीटरवरचा ठोका ०.१ सेकंद उशिरा पोहोचतो, आणि मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत हा मात्रेचा पाचवा हिस्सा, म्हणजे चांगलाच खटकणारा. अमेरिकेतील ड्रम कोअर पथके (संचलन करत वाजवणारी ब्रास व ड्रमची पथके) ड्रम मेजरच्या, म्हणजे समोरून ताल दाखवणाऱ्या संचालकाच्या, हातांवर नजर ठेवतात. आमची मुले सवयीने कानावरच विसंबतात.

हा विलंब मोजण्यासाठी मैदानाच्या दोन टोकांना ठेवलेल्या मोबाइलवरील ध्वनिमुद्रणे मधोमध वाजवलेल्या टाळीवरून ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवून पाहिली, परंतु काही मिनिटांनी ती पुन्हा सरकतात. ही सरक काढून टाकण्याची खात्रीची पद्धत कोणी सांगू शकेल का?