मदत हवी आहे: जुन्या रेड वाइनमध्ये गाळ, उद्याच उघडायची आहे

अर्धविराम:
बाटली उजेडात धरली तर तळाशी काळपट गाळ दिसतो. हलवली की सगळंच गढूळ. खराब झाली का? उद्या रात्री आठला लागणार आहे, प्लीज लवकर सांगा.

रानवारा:
कुठली? कुठल्या सालची? ठेवली कशी होती? आणि आधी ती हलवणं थांबवा.

पिंपळपान:
गाळ म्हणजे खराबी नव्हे. टॅनिन (द्राक्षाच्या सालीतली तुरट द्रव्यं) आणि रंगद्रव्यं वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून जड होतात, खाली बसतात. म्हणून तर जुनी रेड विटकरी दिसते आणि तुरटपणा मऊ पडतो. गाळ अपायकारक नाही, पण तोंडात कचकचतो, कडवट लागतो.

वातकुक्कुट:
व्हाइटमध्ये काचेसारखे खडे दिसले तर ते टार्टरचे, म्हणजे द्राक्षातल्या आम्लाच्या क्षाराचे असतात. घाबरू नका.

अर्धविराम:
रेडच आहे हो. फ्रान्समधल्या बोर्दोची पोइयाक, १९९६. माझं जन्मसाल म्हणून बाबांनी घेऊन ठेवलेली. थंड, अंधाऱ्या कपाटात आडवी होती.

रानवारा:
हे आधी सांगायचं ना! बोर्दोच्या डाव्या तीरावर, म्हणजे पोइयाकच्या बाजूला, कॅबर्ने द्राक्षाला ९६ फार चांगलं गेलं. आत्ताच्या आत्ता उभी करून ठेवा, उद्यापर्यंत हात लावू नका. बाटलीत वाइनची पातळी कुठे आहे?

अर्धविराम:
मान संपते तिथे.

रानवारा:
मग काळजी नको.

जुनंखोड:
डिकँटरमध्ये (काचेच्या रुंद सुरईत) ओतून दोन तास हवा लागू द्या. मी प्रत्येक रेडला तेच करतो.

पिंपळपान:
कोवळ्या वाइनला करा. इतक्या जुन्या वाइनचा वास दोन तासांत उडून जाईल. बोर्दोचे वाइनतज्ज्ञ एमिल पेनोसुद्धा सांगायचे, गाळ असेल तरच ओतून घ्या, तेही अगदी प्यायच्या आधी.

जुनंखोड:
माझी ९६ची इटालियन बारोलो तीन तासांनी खुलली. स्वतः चाखलंय.

पिंपळपान:
बारोलो नेब्बिओलो द्राक्षाची. तिचे टॅनिन वेगळेच राकट.

तांबडफुटी:
ग्लास कुठले आहेत? मोठ्या पोटाचे, वर निमुळते घ्या. अर्धं काम तेच करतात.

अर्धविराम:
ग्लासचं नंतर बघू. ओतायची कशी ते सांगा!

रानवारा:
बूच ठिसूळ असेल. दोन पात्यांचा ओपनर असला तर उत्तम. मानेखाली दिवा धरा आणि एका संथ धारेत ओता, मध्ये बाटली सरळ करू नका. गाळाची काळी रेघ खांद्याशी आली की थांबा. १६ ते १८ अंशांवर द्या. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर मात्र बुचाचा दोष, तो हवेने जात नाही.

अर्धविराम (दुसऱ्या दिवशी):
साधाच ओपनर होता. बूच अर्ध्यात तुटलं. उरलेल्यात मळसूत्र तिरकं घालून ओढलं, तुकडे आत पडले, म्हणून धुतलेल्या मलमलीतून गाळली. सुरुवातीला कुबट वास आला, पोटात गोळाच आला माझ्या. पाच-सात मिनिटांत तो गेला आणि देवदाराचा, शिसपेन्सिल तासल्यासारखा वास यायला लागला. कडेला विटकरी रंग. बाबा कितीतरी वेळ नुसता वासच घेत होते.

जुनंखोड:
दोन तासांनी कशी होती?

अर्धविराम:
एक ग्लास मुद्दाम ठेवला होता. दहाला चाखला तेव्हा पेन्सिलीचा वास गेलेला, नुसती आंबटसर चव उरली होती.