कोर्बुचीचा चिखल आणि बर्फ

दिग्दर्शक सर्जिओ लिओनेचे चार-पाच सिनेमे पाहिले की इटालियन वेस्टर्न, म्हणजे इटलीत बनलेले काउबॉयपट, पाहून झाले, हे मत मला अजिबात पटत नाही. त्याच पठडीतल्या दिग्दर्शक सर्जिओ कोर्बुचीला वगळून कसं चालेल? १९६६ च्या 'जँगो'ची सुरुवातच बघा: घोडा नाही, ऐट नाही. नायक फ्रँको नेरो पाठमोरा चाललाय, मागे दोरीने ओढलेली शवपेटी, पायाखाली नुसता चिखल.

पण खरा काळोख १९६८ च्या 'द ग्रेट सायलेन्स'मध्ये आहे, तोही पांढऱ्याशुभ्र बर्फात! गोष्ट अमेरिकेतल्या युटाची, चित्रीकरण इटलीच्या डोलोमाइट डोंगरांत. नायक मुका, लहानपणीच त्याचा गळा चिरलेला. क्लाउस किन्स्कीने साकारलेला खलनायक लोको बक्षिसाच्या पैशांसाठी माणसं टिपतो, प्रेतं बर्फात ठेवतो आणि वर शांतपणे सांगतो की सगळं कायद्याला धरून आहे. त्याचा तो मऊ आवाजच अंगावर येतो.

(शेवट माहीत नसेल तर इथेच थांबा.)

नायक मरतो. ज्यांच्यासाठी लढला तेही मरतात आणि लोको पैसे वसूल करायला निघतो. कोर्बुचीने एक गोड शेवटही चित्रित करून ठेवला होता, पण सिनेमाचा म्हणून आपण जो शेवट मानतो तो हाच. मॉरिकोनेचं संगीत तिथे इतकं हळवं आहे की पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती.