गाण्याच्या क्लासला मैफिली करणारे सर की फक्त शिकवणाऱ्या ताई?

मुलगी ८ वर्षांची आहे, जवळच्या क्लासमधले सर मैफिली करतात पण सारखे बाहेरगावी असतात, ताई मात्र रोज असतात, कुणाकडे घालू?

— ताईंकडेच घाला. या वयात समोर बसून सा लावून घेणारं माणूस लागतं, आमच्या बाई तानपुरा नीट जुळेपर्यंत तोंड उघडू द्यायच्या नाहीत, तेव्हा कंटाळा यायचा पण आज कान तयार आहे तो त्यामुळेच.

— दोन्ही एकाच माणसात असतं हो कधीकधी. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ला पुण्यात, दोघंही मैफिलीचे गवई. सरांचे विद्यार्थी कसे गातात ते ऐका आधी.

— थँक्यू, रविवारी क्लासच्या मुलांचा कार्यक्रम आहे, तिला घेऊनच जाते.