गावाची आठवण निधनवार्तांवर सोपवता येईल का?

पांझराकाठ (धुळे)
गेल्या आठवड्यात या चर्चामंचावर एका सदस्याने असे मांडले की, जळगाव-धुळ्याच्या स्थानिक दैनिकांतील निधनवार्ता वर्षवार लावल्या म्हणजे शहरातील नामवंतांची यादी तयार होते, आणि जो तीत नाही तो नामवंत नव्हताच. हे वाचून मला संताप आला, म्हणून सविस्तर लिहितो. बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या आणि त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या १९५२ साली. त्या दिवशी कोणी चार ओळी छापल्या असत्या, तरी ‘कवी सोपानदेवांची आई’ यापलीकडे त्यांत काय आले असते? इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी आमच्या धुळ्यात वारले. त्यांची आठवण टिकली ती त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळाने कागदपत्रे जपली म्हणून. निधनवार्ता म्हणजे अंत्ययात्रा कोठून, किती वाजता आणि पश्चात कोण, एवढे सांगणारी सूचना. तिच्यावरून माणसाचे मोल ठरवणे मला मान्य नाही.

गिरणाथडी (चाळीसगाव)
तो सदस्य मीच. शेवटचे वाक्य आपल्याला बोचले असेल तर ते बाजूला ठेवा आणि मूळ मुद्द्याला उत्तर द्या. आपण घेतलेली दोन्ही नावे अशी आहेत की त्यांना माझ्या यादीची गरजच नाही. आमच्या गावचे छायाचित्रकार केकी मूस १९८९ साली गेले, पण स्टेशनजवळच्या त्यांच्या घरात छायाचित्रे जपली गेली म्हणून आज लोक ती पाहायला येतात. ज्याने मागे काहीच साठवले नाही, त्याचे काय? तालमीचा वस्ताद, भजनी मंडळाचा पेटीवादक, जिनिंगमधला जुना फिटर, यांच्याविषयी छापलेला एकमेव मजकूर म्हणजे ती चार ओळींची वार्ता. तीत वय असते, मूळ गाव असते, मुले सुरतेला गेली की पुण्याला हेही असते.

सातपुड्याची लेक (यावल)
दादा, वस्ताद आणि पेटीवादक आठवले, बाई एकही आठवली नाही. माझी आई सुईण होती. गावात दवाखाना नव्हता तेव्हा केळीच्या बागांमधून रात्री-अपरात्री चालत जाऊन तिने बाळंतपणे केली आणि कोणाकडून पैसा घेतला नाही. ती गेली तेव्हा चुलत्यांनी परस्पर मजकूर दिला. त्यात माझ्या भावाचे नाव, त्याचा हुद्दा, जावयांची गावे, सारे होते. आईचा उल्लेख ‘मातोश्री’ असा होता आणि तिच्या कामाबद्दल एक अक्षरही नव्हते. गंधमुक्तीच्या, म्हणजे उत्तरकार्याच्या, पत्रिकेतही तेच. अशा मजकुरावरून तुम्ही गावाचा इतिहास लिहिणार?

पांझराकाठ (धुळे)
ताईंनी माझेच म्हणणे सिद्ध केले. मात्र दोष वर्तमानपत्राचा नाही, घरच्यांचा आहे. आपण तेव्हा हरकत का घेतली नाही?

सातपुड्याची लेक (यावल)
आई दारात असताना मी चुलत्यांशी मजकुरावरून भांडायला हवे होते, असे आपल्याला म्हणायचे आहे काय? हा प्रश्न विचारताना आपल्याला काहीच वाटले नाही, याचे मला दुःख होते. आणि माझ्या आईला आपल्या बाजूचा पुरावा करू नका. मला निधनवार्ता बंद व्हायला नको आहेत. त्यांत बाईचे स्वतःचे नाव आणि तिचे काम हवे आहे.

तापीपल्याड (नंदुरबार)
ताईंच्या बाजूने आणखी एक सांगतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. शिरीषकुमार मेहता सर्वांना पाठ आहे. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा ही नावे आमच्या गावाबाहेर किती जणांना सांगता येतील? एकाच दिवशी, एकाच कारणासाठी गेलेल्यांतही आपण एकाचीच आठवण ठेवतो. त्या चौघांचे घर, वय, शिक्षण सांगणाऱ्या ओळी घरोघरी पोचल्या असत्या तर मला त्या हव्याच होत्या. परंतु सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर कोणी गेले तर शहराच्या दैनिकात वार्ता द्यायला कोण येतो? गिरणाथडींच्या यादीत तो सारा डोंगर कोरा राहील.

गिरणाथडी (चाळीसगाव)
डोंगराचे म्हणणे खरे आहे, ते मी नाकारत नाही. तरीही जे छापले गेले आहे तेसुद्धा रद्दीत चालले आहे. डोंगर कोरा राहिला म्हणून तेही वाचवायचे नाही, असा अर्थ निघत नाही.

पांझराकाठ (धुळे)
कात्रणे जपायला माझी ना नाही. एवढे मान्य करणे मला भाग आहे. परंतु प्रत्येक कात्रणाखाली त्या माणसाला ओळखणाऱ्या कोणीतरी त्याचे काम लिहिले पाहिजे, नाहीतर त्या यादीला मी नामवंतांची यादी म्हणणार नाही. ताईंना विचारलेला प्रश्न मी मागे घेतो.

सातपुड्याची लेक (यावल)
प्रश्न मागे घेतल्याने उत्तर मिळत नाही. गिरणाथडी दादा, आईचे कात्रण मी पाठवते. त्याखालचा मजकूर मी स्वतः लिहीन, आणि त्यात भावाचा हुद्दा येणार नाही.